विद्यापीठाचे डॉक्टर आणि बाराखडीची शाळा

देवळाच्या महोत्सवाच्या पुस्तकांत शाळेची आठवण निघाली नाहीं, तर तें पुस्तक अपुरें राहील. आपल्या लोकांत देऊळ आणि शाळा हीं एकाच अंगणांत वाढलीं. ज्या मास्तरांनीं आपल्या वाडवडिलांचा हात धरून पाटीवर पहिलें अक्षर गिरवून घेतलें, त्यांचीं नांवें शिलालेखांवर आढळत नाहींत. परंतु आलेलें पत्र वाचतां येणें, व्यवहाराचा हिशेब समजणें, प्रार्थनेचें पुस्तक हातीं धरतां येणें, या ज्या गोष्टी आज आपण सहज मानतों, त्यांचें मूळ त्या पहिल्या अक्षरांत आहे. म्हणून महोत्सवाच्या निमित्तानें शिक्षकाच्या विद्येविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न असा आहे : ज्या मनुष्यानें विद्यापीठाचें उच्च शिक्षण घेतलें, त्याला त्या शिक्षणाचा लहान मुलांच्या शाळेंत कितपत उपयोग होतो? याचीं दोन उत्तरें लोकांच्या तोंडीं नेहमीं ऐकूं येतात. कोणी म्हणतात, बाराखडी आणि पाढे शिकवावयाला पदवी कशाला हवी? मुलांपेक्षां चार इयत्ता अधिक शिकलेला मनुष्य पुरे. दुसरे म्हणतात, ज्यानें मोठमोठे ग्रंथ पचविले, त्याला मुलांस शिकविणें म्हणजे हातचा मळ. हीं मतें परस्परविरुद्ध दिसतात खरीं, पण दोहोंचें मूळ एकच आहे. लहान मुलाला शिकविणें हें काम सोपें आहे, असें दोन्ही पक्षांनीं गृहीत धरलें आहे. ही समजूत खरी कीं खोटी, हें पाहण्यास तर्कापेक्षां इतिहास अधिक उपयोगी पडेल.

यासाठीं आम्हीं अशा एका पुरुषाचें चरित्र निवडलें आहे कीं, जे स्वतः विद्यापीठाचे डॉक्टर होते आणि ज्यांनीं आपलें उर्वरित आयुष्य गरिबांच्या प्राथमिक शाळांना वाहिलें. ते म्हणजे संत जाँ-बाप्तिस्त द ला साल होत. पोप बारावे पायस यांनीं १५ मे १९५० रोजीं त्यांस सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें. त्यांचें नांव आपल्यापैकीं पुष्कळांच्या कानांवर असेल. परंतु विद्यापीठाच्या व्यासपीठापासून मुलांच्या बाकापर्यंतची त्यांची वाट किती अवघड होती, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

दोन जगें

सतराव्या शतकांतील फ्रान्समध्यें विद्येचीं दोन जगें होतीं. एक विद्यापीठाचें. तेथील भाषा लॅटिन, व्याख्यानें लॅटिनमध्यें, वादविवाद लॅटिनमध्यें. सुखवस्तु घरचीं मुलें नऊ-दहा वर्षांचीं झालीं कीं विद्यापीठाशीं जोडलेल्या महाविद्यालयांत जात आणि पायरीपायरीनें पदव्या घेऊन बाहेर पडत. दुसरें जग छोट्या शाळांचें. तेथें कारागिरांचीं आणि मजुरांचीं मुलें थोडेसें वाचन, त्याहून थोडें लेखन आणि धर्माचे पाठ शिकत. मास्तर एकेका मुलाला आपल्याजवळ बोलावून त्याचा धडा घेई. तोंवर बाकीचीं मुलें रिकामीं बसत किंवा दंगा करीत. मास्तराला या कामाचें शिक्षण असें कोणीं दिलेलें नसे. ज्याला दुसरा चांगला धंदा लाभला नाहीं, तो पुष्कळदां या धंद्यास लागे. हीं दोन जगें एकाच शहरांत, कधीं एकाच रस्त्यावर असत. पण एकांतून दुसऱ्यांत जाण्याचा पूल नव्हता.

द ला साल यांचा जन्म पहिल्या जगांत झाला. ३० एप्रिल १६५१ रोजीं रीम्स शहरीं एका प्रतिष्ठित घराण्यांत ते जन्मले. वडील राजाच्या न्यायालयांत अधिकारी होते. अकरा भावंडांत हे थोरले. त्यांपैकीं सातच जगलीं. १६६१ सालीं, दहाव्या वर्षीं, त्यांस रीम्सच्या विद्यापीठाशीं संलग्न असलेल्या महाविद्यालयांत घालण्यांत आलें. सोळावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १६६७ च्या जानेवारींत, ते रीम्सच्या मुख्य देवळाचे कॅनन झाले. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक ज्या देवळांत होई, त्याचें हें पद मानाचें आणि उत्पन्नाचें होतें. १६६९ सालीं ते उत्तम गुणवत्तेनें एम्. ए. झाले. पुढल्या वर्षीं पॅरिसला जाऊन त्यांनीं सँ-सुल्पीस येथील गुरुकुलांत प्रवेश घेतला आणि सोर्बोनमधील धर्मशास्त्राचीं व्याख्यानें ऐकण्यास प्रारंभ केला.

एवढ्यांत घरावर आघात झाला. १६७१ च्या जुलै महिन्यांत आई आणि १६७२ च्या एप्रिल महिन्यांत वडील निवर्तले. तेव्हां द ला साल यांस एकविसावें वर्षहि पुरें झालेलें नव्हतें. ते पॅरिस सोडून रीम्सला परतले आणि धाकट्या भावंडांचे पालक झाले. मिळकतीचे कागद, भावंडांचा सांभाळ आणि स्वतःचा अभ्यास हीं तिन्हीं कामें त्यांनीं एकदम चालविलीं. १६७८ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि १६८० सालीं ते धर्मशास्त्राचे डॉक्टर झाले. महाविद्यालयांत पाऊल ठेवल्यापासून डॉक्टर होईपर्यंत एकोणीस वर्षें लोटलीं होतीं. या एकोणीस वर्षांच्या अभ्यासक्रमांत, सहा वर्षांचें मूल अक्षर कसें ओळखतें, किंवा उपाशी पोटीं आलेलें पोर धड्याकडे लक्ष कां देत नाहीं, या विषयावर एकहि पाठ नव्हता.

दारावरची भेट

डॉक्टरकी मिळण्याच्या थोडेसें अगोदर, १६७९ च्या मार्च महिन्यांत, एके दिवशीं ते रीम्समधील एका मठाच्या दाराशीं आले. हा मठ मुलींच्या शाळा चालविणाऱ्या धर्मभगिनींचा होता. त्यांचे मार्गदर्शक कॅनन निकोला रोलाँ मरण पावतांना त्या संस्थेचा भार द ला साल यांच्यावर सोंपवून गेले होते. त्याच वेळीं त्याच दाराशीं रूआँ शहराहून आलेले आद्रियँ नीयेल नांवाचे गृहस्थ उभे होते. त्यांचें वय झालें होतें. सोबत चौदा वर्षांचा एक मुलगा होता. गरीब मुलांसाठीं विनामूल्य शाळा रीम्समध्यें काढावी, अशा हेतूनें एका श्रीमंत विधवेनें त्यांस पाठविलें होतें. द ला साल यांनीं त्यांस आपल्या घरीं उतरविलें, कोणत्या पॅरिशच्या आश्रयानें शाळा काढावी याचा सल्ला दिला आणि एप्रिल महिन्यांत पहिली शाळा सुरू झाली. आपलें काम येथेंच संपलें, असें त्यांस वाटलें.

परंतु तें संपलें नाहीं. नीयेल हे नव्या शाळा काढण्यांत हुशार होते. चालू शाळा नीट चालविण्याचा धीर त्यांच्यापाशीं कमी होता. एकामागून एक शाळा निघाल्या, पण मास्तर अर्धवट शिकलेले, कामाला नवखे आणि राहणीला बेशिस्त होते. मुलें वाचावयास शिकत नव्हतीं. द ला साल यांच्या ध्यानांत आलें कीं, शाळा सुधारावयाची तर आधीं मास्तर सुधारला पाहिजे, आणि मास्तर हा दुरून उपदेश केल्यानें सुधारत नाहीं. त्यांनीं प्रथम मास्तरांना जेवावयास घरीं बोलाविलें. पुढें २४ जून १६८१ रोजीं त्यांस आपल्याच घरीं राहावयास आणलें.

हें पाऊल आज वाटतें तितकें साधें नव्हतें. स्वतः द ला साल यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे कीं, आरंभीं आपण या मास्तरांस आपल्या नोकराहूनहि खालचें समजत होतों, आणि त्यांच्यासह राहावें लागेल असें कोणीं सांगितलें असतें, तर ती कल्पनाहि सहन झाली नसती. नातलग संतापले. डॉक्टर, कॅनन आणि घराण्याचा कर्ता पुरुष अशा लोकांच्या पंक्तीस बसतो, हें त्यांस पाहवेना. धाकट्या भावांपैकीं कांहींना त्यांनीं त्या घरांतून काढून नेलें. एका वर्षानें द ला साल यांनीं तें घरहि सोडलें आणि मास्तरांसह भाड्याच्या घरांत बिऱ्हाड केलें.

मास्तरांच्याहि मनांत किंतु होता. ते उद्यांच्या भाकरीची चिंता करीत, तेव्हां द ला साल त्यांस परमेश्वरावर भार टाकण्यास सांगत. त्यावर ते म्हणाले कीं, तुमच्यापाशीं कॅननचें पद आणि वडिलार्जित संपत्ति आहे. तुम्हांस हा उपदेश सोपा आहे. शाळा बुडाली तर आम्ही रस्त्यावर येऊं, तुम्ही नाहीं. या उत्तरानें द ला साल निरुत्तर झाले; पण त्यांनीं तें मनास लावून घेतलें. १६८३ सालीं त्यांनीं कॅननच्या पदाचा राजीनामा दिला आणि तें पद नातलगांस न देतां एका गरीब धर्मगुरूस मिळवून दिलें. १६८४-८५ च्या हिंवाळ्यांत दुष्काळ पडला, तेव्हां आपली संपत्ति विकून भुकेलेल्यांस भाकरी वांटली. आतां मास्तर आणि ते एका पायरीवर आले.

सोडलें काय

येथपर्यंत त्यागाची कथा झाली. परंतु शिक्षणाच्या दृष्टीनें त्याहून मोठा त्याग पुढेंच होता. तो लॅटिनचा.

त्या काळीं मुलांना वाचन शिकवावयाचें तें प्रथम लॅटिनमध्यें, अशी जुनी रीत होती. प्रार्थना लॅटिन, स्तोत्रें लॅटिन, म्हणून पहिलें पुस्तकहि लॅटिन. द ला साल यांनीं आपल्या शाळांत प्रथम फ्रेंच वाचावयास शिकविलें आणि लॅटिन मागाहून ठेविलें. १६९९ सालीं शार्त्र शहरीं त्यांच्या शाळा निघाल्या, तेव्हां तेथील बिशपसाहेबांनीं या रीतीबद्दल शंका घेतली. द ला साल यांनीं दिलेल्या कारणांचा सारांश असा : मूल जी भाषा बोलतें, तींत वाचणें त्याला सोपें जातें. गरिबाचें मूल फार वर्षें शाळेंत टिकत नाहीं. हातीं काम येतांच आईबाप त्याला काढून नेतात. त्या थोड्या काळांत लॅटिनच्या मागें लागलें, तर लॅटिनहि येत नाहीं आणि फ्रेंचहि राहून जातें. उलट, फ्रेंच नीट वाचतां आलें कीं लॅटिन वाचणें अवघड जात नाहीं.

विचार करा, हें कोण सांगत होते? ज्यांची सारी विद्वत्ता लॅटिनवर उभी होती, ते. आपणांस ज्या वाटेनें विद्या मिळाली, तीच सर्वांची वाट, असें मानण्याचा मोह विद्वानाला फार असतो. मुलाच्या जागीं बसून पाहिल्यावांचून तो मोह सुटत नाहीं. आपल्याकडेहि याचें एक थोर उदाहरण त्यापूर्वींच घडून गेलें होतें. युरोपांतून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपलें ‘क्रिस्तपुराण’ लॅटिन वा पोर्तुगीज भाषेंत न रचतां मराठींत रचलें, आणि तें १६१६ सालीं गोमंतकांत छापून निघालें. ऐकणाऱ्याची भाषा ती सांगणाऱ्याची भाषा, हें तत्त्व दोघांनींहि ओळखलें होतें.

द ला साल याहूनहि पुढें गेले. मास्तरांचा संघ बांधला गेल्यावर सभासद एकमेकांस बंधु म्हणूं लागले. या बंधूंपैकीं एकाला धर्मगुरु करावें, या हेतूनें द ला साल यांनीं त्यास अभ्यासास लाविलें होतें. पण तो १६९० सालीं अकस्मात् वारला. यानंतर पुष्कळ विचारान्तीं असें ठरलें कीं, या संघांतील बंधूंनीं धर्मगुरु होऊं नये आणि लॅटिनचा अभ्यासहि करूं नये. कारण त्या वाटेनें गेलेला मनुष्य शाळेंतून निसटतो. १६९४ सालीं द ला साल आणि बारा बंधूंनीं आजन्म या कार्यास वाहून घेण्याचें व्रत घेतलें. हा नियम आपणांस कठोर वाटेल. पण त्यामागील हेतु स्पष्ट होता : प्राथमिक शाळा ही मोठ्या पदाकडे जाण्याची पायरी होतां कामा नये. तेंच काम, तेंच जीवन.

राखलें काय

तर मग विद्यापीठाची एकोणीस वर्षें वायां गेलीं काय? आमच्या मतें नाहीं. लॅटिन बाजूस ठेविलें, मान बाजूस ठेविला. परंतु विद्यापीठानें मनाला जी वळणें लाविलीं होतीं, तीं त्यांनीं बरोबर आणलीं, आणि तींच छोट्या शाळेच्या उपयोगीं पडलीं.

पहिलें वळण म्हणजे विषयाची क्रमवार मांडणी. धर्मशास्त्राचा पंडित कोणताहि विषय भागांत पाडून, आधीं काय आणि मग काय, हें ठरवून मांडतो. द ला साल यांनीं हीच दृष्टि वाचनाला लाविली. आधीं अक्षरांचा तक्ता, मग अक्षरजोडीचा तक्ता, मग अक्षरजोडीचें पुस्तक, मग एकामागून एक वाचनाचीं पुस्तकें, मग लॅटिन स्तोत्रें, मग शिष्टाचाराचें पुस्तक आणि शेवटीं हातानें लिहिलेलीं पत्रें व दस्तऐवज, अशा नऊ पायऱ्या त्यांच्या शाळांत ठरल्या. शेवटची पायरी ध्यानांत घेण्याजोगी आहे. गरिबाच्या मुलाला छापील ग्रंथापेक्षां करारनामा आणि पावती वाचण्याची गरज अधिक पडते. अंकगणितहि नाण्यांच्या हिशेबानें शिकविलें जाई. बारा दनिए म्हणजे एक सू आणि वीस सू म्हणजे एक लिव्ह्र, असें तेथील कोष्टक होतें. आपल्याकडे १९५७ पूर्वीं पै, आणे आणि रुपये यांचीं कोष्टकें ज्यांनीं पाठ केलीं, त्यांस यांतील मर्म लगेच कळेल.

दुसरें वळण परीक्षेचें. विद्यापीठांत परीक्षा उतरल्यावांचून वरची पदवी मिळत नाहीं. येथेंहि तपासणी झाल्यावांचून मुलाला पुढल्या धड्यांत घेत नसत. सारख्या तयारीचीं मुलें एका गटांत बसवून सर्वांनीं एकच धडा एकाच वेळीं घ्यावा, अशी रीत पडली. एक मूल वाचूं लागलें कीं इतरांनीं आपापल्या पुस्तकांत मनांतल्या मनांत वाचावयाचें. मास्तर उगीच बोलत नसे. हातांतील लहानशा उपकरणाच्या आवाजानें खूण करी. एकेका मुलाला जवळ बोलावण्याच्या जुन्या रीतीनें फुकट जाणारा वेळ अशा प्रकारें वांचला.

तिसरें वळण सर्वांत मोलाचें. विद्यापीठांत कोणताहि सिद्धान्त चर्चेच्या अग्नींतून गेल्याखेरीज मान्य होत नसे. द ला साल यांनीं शाळेची पद्धति स्वतःच्या अधिकारानें लादली नाहीं. अनुभवी बंधूंना जमवून, कोणती रीत चालली, कोणती फसली, याचा विचार वर्षानुवर्षें केला. त्यांतून ‘ख्रिस्ती शाळांची पद्धति’ हा ग्रंथ तयार झाला. १७०६ मधील त्याची हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे. छापील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १७२० सालीं, आव्हीन्यों येथें प्रसिद्ध झाला. मुलें शाळेस कां येत नाहींत, याचीं कारणें त्यांत एकेक करून तपासलीं आहेत : कांहीं मुलाचीं, कांहीं आईबापांचीं, आणि कांहीं मास्तराचींहि. शिक्षा करण्यावर त्यांत नियमांचीं बंधनें घातलीं आहेत. सकाळची न्याहारी मुलांनीं शाळेंतच कशी करावी आणि उरलेली भाकरी गरीब सोबत्यांसाठीं टोपलींत कशी ठेवावी, हेंहि त्यांत सांगितलें आहे. विद्यापीठाच्या पंडितानें आपली बुद्धि भाकरीच्या टोपलीपर्यंत नेली, यांतच त्याच्या विद्येचें सार्थक झालें, असें आम्हांस वाटतें.

मास्तर घडविण्याची शाळा

याच अनुभवांतून दुसरें एक कार्य उभें राहिलें. खेड्यापाड्यांतील धर्मगुरु आपल्या पॅरिशसाठीं मास्तर मागूं लागले. बंधु एकएकटे खेड्यांत राहत नसत; म्हणून १६८५ च्या सुमारास रीम्स येथें खेड्यांतील मास्तरांसाठीं निराळें अध्यापक-विद्यालय काढण्यांत आलें. लियों शहरीं शार्ल देमिया नांवाच्या धर्मगुरूंनीं थोडें अगोदर असाच उपक्रम केला होता. युरोपांतील अशा संस्थांत या दोहोंचें स्थान अगदीं आरंभींचें आहे.

नव्या मास्तराला कसें घडवावें, यासंबंधीं ‘पद्धतीं’त एक स्वतंत्र भाग आहे. त्यांत मास्तराच्या अंगचे कोणते दोष प्रथम काढावे, याची यादी दिलेली आहे. फार बोलण्याची खोड, उतावळेपणा, पोरकटपणा, कठोरपणा, मुलामुलांत पक्षपात, आळस, आणि निराश होणें, हे त्यांतले कांहीं दोष होत. या यादींत एक गोष्ट नजरेस भरते. मास्तराला काय ठाऊक नाहीं, याचा हा पाढा नव्हे. तो मुलांपुढें कसा उभा राहतो, याची ही तपासणी आहे. आणि ती अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखालीं, प्रत्यक्ष वर्गांत व्हावयाची होती. ग्रंथ वाचून पोहतां येत नाहीं, तसेंच व्याख्यान ऐकून शिकवितांहि येत नाहीं, हें या डॉक्टरांनीं मनोमन ओळखलें होतें.

विरोधहि पुष्कळ झाला. पॅरिसमधील लेखन-शिक्षकांच्या संघाला हस्ताक्षर शिकविण्याचा मक्ता होता. विनामूल्य शाळांत फी देऊं शकणारींहि मुलें जातात, अशी तक्रार करून त्यांनीं १७०४ पासून खटले भरले, आणि न्यायालयाचे निकाल द ला साल यांच्या विरुद्ध लागले. कांहीं काळ बंधूंना तेथील शाळा सोडून जावें लागलें. या काळांतहि ते डगमगले नाहींत. साठी उलटल्यावर ग्रेनोब्ल येथें असतां त्यांनीं एका बंधूस संघाच्या कामास बाहेरगांवीं पाठविलें आणि त्याच्या जागीं स्वतः वर्गावर उभे राहून लहान मुलांस शिकविलें. ७ एप्रिल १७१९ रोजीं, गुड फ्रायडेच्या दिवशीं, रूआँ येथें त्यांचें देहावसान झालें. १९०० सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांस संतपद दिलें.

विद्यापीठ शाळेकडे वळलें

द ला साल यांच्यानंतर दोन शतकें बहुतेक देशांत अशी व्यवस्था राहिली कीं, प्राथमिक शिक्षक अध्यापक-विद्यालयांत तयार व्हावा आणि पदवीधरानें माध्यमिक शाळेंत जावें. फ्रान्समध्यें १८३३ च्या कायद्यानें प्रत्येक जिल्ह्यावर अध्यापक-विद्यालयाची जबाबदारी टाकली. आपल्या प्रांतांतहि पूर्वीं व्हर्नाक्युलर फायनल उतरलेला विद्यार्थी ट्रेनिंग कॉलेजांतून शिकून मास्तर होई. विद्यापीठाचा त्याच्याशीं संबंध येत नसे.

हें अंतर विसाव्या शतकांत कमी होत गेलें. फिनलंड देशांत १८६३ सालीं युव्हास्कुला येथें पहिलें अध्यापक-विद्यालय निघालें होतें. तेथें १९७४ पासून प्राथमिक शिक्षकांचें शिक्षण विद्यापीठांकडे सोंपविण्यांत आलें, आणि १९७९ पासून त्यांस एम्. ए. च्या तोडीची पदवी आवश्यक ठरली. पण त्यांत एक गोष्ट विसरतां कामा नये. विद्यापीठाला जोडून मुलांची शाळा असते, आणि भावी शिक्षकाला तेथें प्रत्यक्ष शिकवावें लागतें. फ्रान्समध्येंहि १९८९ च्या कायद्यानें जुन्या अध्यापक-विद्यालयांच्या जागीं विद्यापीठांशीं जोडलेल्या संस्था आल्या. आपल्या देशांत दिल्ली विद्यापीठानें १९९४ सालीं प्राथमिक शिक्षकांसाठीं चार वर्षांचा खास पदवी-अभ्यासक्रम सुरू केला.

परंतु पदवी आणि पात्रता यांचा वाद आपल्याकडे नुकताच पुनः उभा राहिला. २०१८ मधील एका अधिसूचनेनें बी. एड्. झालेल्यांना पहिली ते पांचवीच्या शिक्षकपदास पात्र ठरविलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२३ रोजीं तो निर्णय अमान्य केला. बी. एड्. चें शिक्षण माध्यमिक वर्गांसाठीं असतें. लहान मुलांस शिकविण्याची विद्या निराळी आहे, आणि चांगल्या शिक्षणाचा मुलाचा हक्क उमेदवाराच्या सोयीपेक्षां मोठा आहे, असा त्याचा आशय होता. हजारों पदवीधर तरुण-तरुणींची त्यामुळें निराशा झाली, हें खरें आणि दुःखाचें आहे. तथापि त्यांतील तत्त्व द ला साल यांच्या शाळेंत तीन शतकांपूर्वींच सिद्ध झालें होतें.

याच तत्त्वाचें एक उदाहरण आपल्या शेजारींच आहे. ताराबाई मोडक या मुंबई विद्यापीठाच्या १९१४ सालच्या पदवीधर. ज्या काळीं स्त्रीचें पदवीधर होणें हेंच नवल होतें, त्या काळीं त्यांस मोठमोठीं पदें मोकळीं होतीं. त्या भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाच्या कार्यांत शिरल्या, आणि १९४५ सालीं डहाणूजवळ बोर्डी येथें जाऊन राहिल्या. पुढें १९५७ पासून त्यांचें कार्य कोसबाडच्या टेकडीवर चालूं लागलें. आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळा त्यांच्या अंगणांत न्यावी. मुलें गुरांमागें जातात, तर शाळा कुरणांत न्यावी, असा मार्ग त्यांनीं आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनीं काढला. त्यांचा पंथ निराळा, काळ निराळा, देश निराळा. पण द ला साल यांनीं मुलाचें मूल्य ओळखून आपली विद्या वांकविली, तशीच ती यांनींहि वांकविली.

तात्पर्य

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. बाराखडीला पदवी कशाला, असें म्हणणाऱ्यांस इतिहासाचें उत्तर असें कीं, बाराखडी नऊ पायऱ्यांत मांडावयाला, मूल कां अडतें याचा शोध घ्यावयाला आणि आपली चूक सहकाऱ्यांच्या चर्चेंत तपासून पाहावयाला जी शिस्तीची बुद्धि लागते, ती उच्च शिक्षणानें पुष्ट होते. पदवी मिळाली म्हणजे सर्व आलें, असें म्हणणाऱ्यांस उत्तर असें कीं, ती बुद्धि मुलाच्या बाकावर बसेपर्यंत मुकी राहते. द ला साल यांस डॉक्टर होण्यास एकोणीस वर्षें लागलीं. आणि मास्तर होण्यास मान, घर, संपत्ति आणि आवडती भाषा इतकें सोडावें लागलें. यांपैकीं दुसरें शिक्षण पहिल्याहून सोपें नव्हतें.

वाचकहो, आपल्या पॅरिशमधून आज पुष्कळ मुलेंमुली पदवीधर होत आहेत, आणि याचा आपणांस योग्य अभिमान आहे. परंतु त्यांतील एखादी मुलगी, मी पहिलीच्या वर्गावर शिकवीन, असें म्हणाली, तर घरांतील वडील मंडळींच्या कपाळावर आंठी पडते. एवढें शिकून शेवटीं बाराखडीच कां, असें तिला विचारलें जातें. रीम्समधील त्या घराण्यानेंहि नेमका हाच प्रश्न विचारला होता. त्या नातलगांचीं नांवें आज फारशीं कोणास ठाऊक नाहींत. ज्यानें त्यांचें ऐकलें नाहीं, त्याच्या नांवाच्या शाळा मात्र पृथ्वीच्या पाठीवर अनेक देशांत चालूं आहेत. तेव्हां आपल्या घरांतून असा शब्द निघेल, त्या वेळीं आंठी न घालतां आशीर्वाद द्यावा, आणि तिला इतकेंच सांगावें कीं, मुली, तुझी विद्या मोठी आहे; ती मुलांच्या उंचीला पोंचेल इतकी खालीं वांकव.